रुबार्बच्या वाफ्याखालची मारिया

दगड लागला असं फोल्करला वाटलं. वाइडेनरोडच्या खालच्या गावात कुठेही फावडं मारा, दगडच लागतो. म्हणून त्याने भाड्याच्या खोदयंत्राचा दांडा आणखी थोडा रेटला. मग जो आवाज आला, तो दगडाचा नव्हता. जड, बुजलेला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. फोल्करने यंत्र बंद केलं आणि तो चरात उतरला.

नव्या हीटिंगचे पाइप घरापासून कुंपणापर्यंत न्यायचे होते आणि मधे आईचा रुबार्बचा, त्या आंबट देठांच्या भाजीचा, वाफा येत होता. वडील असते तर त्यांनी इथे खणू दिलं नसतं. त्यांनी कधीच खणू दिलं नव्हतं. झोपाळा लावायचा होता तेव्हा नाही, मासे पाळायला तळं करायचं होतं तेव्हाही नाही. "रुबार्बला हलवलेलं आवडत नाही," एवढंच म्हणायचे. पण वडलांना जाऊन आता तीन हिवाळे झाले होते आणि यंत्र सोमवारी परत करायचं होतं.

त्याने हाताने माती बाजूला केली. खाली हिरवट, गुळगुळीत, गोल खांदा दिसला.

"बाबा, काय वाजलं ते?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून यूलेने विचारलं. त्याची मुलगी आजीच्या वाढदिवसासाठी कालच माइन्झहून आली होती आणि केकवर चेरी लावता लावता निम्म्या खात होती.

"काही नाही. दगड."

"दगड असा वाजत नाही."

ती अनवाणीच बाहेर आली. तिच्या आधी तिचं कुतूहल पोचायचं, हे आजोबांचं वाक्य होतं. चरात उडी मारून तिने बागेच्या नळीने पाणी सोडलं, बोटांनी चिखल खरवडला, आणि उठून आलेली अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. "एम. ए. आर. आय. ए. मारिया." मग तिने वर पाहिलं. "बाबा, ही तर घंटा आहे. चर्चची."

फोल्करने पाण्याची नळी बंद केली. मारिया म्हणजे कॅथलिक, आणि कॅथलिक म्हणजे वरचं गाव. खालच्या, प्रोटेस्टंट गावात त्या काळी मारिया नावाची मांजरसुद्धा नव्हती.

वाइडेनरोड हे एक शहर आहे असं पाटीवर लिहिलं आहे, सत्तरच्या दशकात सरकारने लिहिलं. त्याआधी ती दोन गावं होती, वरचं आणि खालचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहेत. फ्रँकफुर्टला जाणाऱ्या लोकलचं स्टेशन मधल्या बटाट्याच्या शेतात बांधलं, कारण ते आपल्याकडे यावं असं दोघांना वाटत होतं आणि दुसऱ्याकडे जाऊ नये असं त्याहून जास्त. आता त्या शेतात रांगेने सारखी घरं आहेत, सारखी कुंपणं, सारख्या कचऱ्याच्या पेट्या, आणि तिथल्या माणसांना वर-खाली काही कळत नाही. पण अग्निशमन दलं दोन आहेत. कार्निव्हलची मंडळं दोन आहेत. बेकऱ्या दोन आहेत, आणि कुठल्या बेकरीची पिशवी हातात आहे त्यावरून म्हातारी माणसं अजून नमस्कार करायचा की नाही ते ठरवतात.

"रेनाटेआत्याला बोलावते," यूले म्हणाली.

"बोलावू नकोस."

पण ती गेलीच होती.

*

रेनाटे स्वयंपाकघरातून, हाताला केकचं क्रीम लागलेली, तशीच आली. तिने चरात पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. ती जन्मली या घरात, पण लग्न करून वर गेली आणि गेली कित्येक वर्षं वरच्या चर्चच्या समितीवर होती. माणूस जिथे नंतर जातो तिथलाच जास्त होतो, असं फोल्कर तिला चिडवायचा.

"ही आमची," ती म्हणाली.

"आमची म्हणजे कोणाची?"

"तुला चांगलं माहीत आहे. युद्धात दोन्ही गावांच्या मोठ्या घंटा उतरवून नेल्या, तोफांसाठी वितळवायला. वर फक्त ती बारकी टिणटिणी ठेवली. आपल्या आईचं माहेर वरचं, तिचं आख्खं लहानपण त्या गेलेल्या घंटेच्या गोष्टीत गेलंय. आणि ती गेलीच नव्हती, फोल्कर. ती इथे होती, आपल्या बागेत."

"आपले आजोबा खालच्या चर्चचे घंटावाले होते," फोल्कर म्हणाला. "त्यांनी वरची घंटा कशाला आणली असेल?"

"तेच तर मी विचारतेय."

"तू विचारत नाहीयेस. तू ठरवून टाकलंयस."

यूले दोघांच्या मधे चराच्या काठावर बसली होती. "पण चोरायची तर स्वतःची चोरतील ना माणसं," ती म्हणाली. "दुसऱ्याची घंटा पुरून करायचं काय? वाजवता येत नाही, विकता येत नाही."

रेनाटेने क्रीमचे हात गवताला पुसले.

"मी फादरना फोन करते," रेनाटे म्हणाली.

"आज नाही. आज आई पंच्याऐंशीची होतेय. तीनला रिवाजाप्रमाणे महापौर भेटीची टोपली घेऊन येणार, पेपरचा फोटोवाला येणार. आज फळ्या टाकून झाकू. सोमवारी बघू."

"ऐंशी वर्षं झाकलीच होती ना. आणखी झाक."

"रेनाटे, बाबांचं नाव आहे यात."

"आणि तिचं नाव मारिया आहे. तिचं कोण बघणार?"

फोल्करने गॅरेजमधून फळ्या आणल्या. रेनाटे हाताची घडी घालून उभी राहिली, पण तिने अडवलं नाही. उपटलेले रुबार्बचे गड्डे त्याने वर पसरले. ते अगदीच ओशाळे दिसत होते.

*

हेडविग हेअरड्रेसरकडून आली ती सरळ बागेत. केस पांढरेशुभ्र, फुगवलेले, त्यावर पारदर्शक रुमाल. तिने फळ्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग मुलीकडे. दोघं एकमेकांपासून नको इतक्या लांब उभी होती.

"माझा रुबार्ब का उपटला?"

"पाइप, आई. सांगितलं होतं तुला."

"पाइप कुंपणाच्या कडेने जाणार असं सांगितलं होतंस. आणि तुम्ही भांडलायत. आज तरी नको होतं."

बागेकडे उघडणाऱ्या काचेच्या व्हरांड्यात ओटिली पेपर नॅपकिनच्या घड्या घालत बसली होती. हेडविगच्या गेलेल्या नवऱ्याची, कोनराडची, थोरली बहीण, म्हणजे हेडविगची नणंद. लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जन्म काढला. ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर यायचं.

"सापडली वाटतं," ती घडी न थांबवता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काय सापडलं, ओटिली?" हेडविगने विचारलं.

"घंटा. सकाळी वाजली की. मी म्हटलं, चला, शेवटी आपटलं कोणीतरी डोकं." मग तिने वर पाहिलं. चौघांचे चेहरे पाहून तिच्या हातातली घडी अर्धी राहिली. "हेडविग, तुला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"कोनराड म्हणाला होता, तुला तो स्वतः सांगेल. लग्न झाल्यावर."

हेडविगने रुमाल सोडला. तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मग ती खुर्ची ओढून नणंदेच्या समोर बसली. "मला काही माहीत नाही. तू सांग. पहिल्यापासून सांग."

*

ओटिलीला पहिल्यापासून सांगायला काहीच अडचण नव्हती. तिच्या दृष्टीने ती घरातली जुनी गोष्ट होती, सगळ्यांना ठाऊक असलेली, म्हणून कधी न काढलेली.

"दोन्ही गावांच्या घंटा स्टेशनच्या धक्क्यावर आणून ठेवल्या होत्या. तेव्हा तिथे नुसता धक्का होता, घरं नव्हती. मालगाडी यायची होती. ऑक्टोबर. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. बाबांना आपली घंटा सोडवेना. त्यांनी ती वीस वर्षं वाजवली होती. पहाटेच ते आणि कोनराड हातगाडी घेऊन गेले. कोनराड अकरा वर्षांचा. चाकांना पोती गुंडाळली होती."

"पकडले असते तर?" यूलेने विचारलं.

"तर आज तू नसतीस. आणली एकदाची. आईने आणि मी इथे खड्डा खणून ठेवला होता. उजाडलं, बाबांनी पोतं काढलं, आणि मटकन खाली बसले. मारिया. धुक्यात हात फिरवून, फळीवरून गाडीत लोटलेली, आकार सारखा. आमची तिथेच धक्क्यावर राहिली आणि गाडीत चढून गेली."

रेनाटेच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. फोल्करही हसला. सकाळपासून पहिल्यांदाच दोघांची नजर एकमेकांना भेटली.

"हसा, हसा," ओटिली म्हणाली. "बाबा नाही हसले. आपली गेली आणि बागेत कॅथलिकांची देवमाता. परत नेऊन ठेवायचं म्हटलं तर गाडी लागली होती. पुरली. युद्ध संपल्यावर देतो म्हणाले, पण संपण्याच्या आधीच तेच गेले. मग आईने धसका घेतला. वरचे म्हणतील, खालच्यांनी आमची चोरली आणि आपली मुद्दाम दिली. कोण विश्वास ठेवणार होतं? तेव्हा तर वरची पोरं आम्हाला दगड मारायची."

"तुम्हीही मारायचात," हेडविग म्हणाली.

"आम्हीही मारायचो."

"आणि कोनराड?"

ओटिलीने नवा नॅपकिन ओढला. "कोनराड गेला होता तुझ्या वडलांकडे. लग्नाच्या आधी. घंटा परत द्यायची म्हणून. तुला हेही माहीत नाही?"

"नाही."

"तुमच्या स्वयंपाकघरात बसला. टोपी हातात. विषय काढायच्या आधीच तुझे वडील म्हणाले, तू काय आणलंस ते मला नको. खालच्या माणसाने साक्षात देवमाता आणून दारात ठेवली, तरी त्याला माझी मुलगी नाही." ओटिलीने नॅपकिन टेबलावर सपाट केला. "झालं. तो उठून आला. मला म्हणाला, आता कशी देऊ? आत्ता दिली तर म्हणतील, घंटा देऊन पोरगी घेतली. नंतर दिली तर म्हणतील, पोरगी मिळाल्यावर किंमत चुकवली. हेडविगच्या नावाला असलं काही चिकटू द्यायचं नाही, म्हणाला. म्हातारा गेला की बघू. मग म्हातारा गेला. मग दोन गावं एक करायची भानगड आली, रोज मारामाऱ्या. मग काय झालं मला माहीत नाही. मग बहुतेक उशीर झाला."

"एका घरात राहिलो आपण," हेडविग म्हणाली. "रोज एका टेबलावर जेवलो."

"तू कधी विचारलं नाहीस."

"काय विचारणार होते, ओटिली? वाफ्याखाली घंटा आहे का?"

*

रेनाटेला आईचा चेहरा बघवेना. तासाभरापूर्वी तिला फादरना फोन करायचा होता, आता तिला फक्त आई आणि ती फळ्या टाकलेली जागा यांच्या मधे उभं राहायचं होतं.

"आई, फोल्कर बरोबर म्हणत होता," ती म्हणाली. "आज कोणाला सांगायला नको. वरची माणसं मला माहीत आहेत. बाबांबद्दल काय काय बोलतील."

"बोलू देत," फोल्कर म्हणाला.

"सकाळी तूच म्हणत होतास..."

"सकाळी मला काही माहीत नव्हतं. ते जन्मभर तिच्यावर माती राखत बसले, आता मी नाही टाकणार."

"दोघं गप्प बसा," हेडविग म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला तिला बघायचंय."

फोल्करने फळ्या काढल्या. यूलेने आजीचा हात धरला, पण चराच्या काठाशी हेडविगने तो सोडवून घेतला.

तिला घंटा उतरवली तो दिवस आठवत होता. आठ वर्षांची होती ती. शाळेतल्या मुलींनी आस्टरच्या फुलांची माळ घातली होती, आणि आई एप्रन तोंडाला लावून रडत होती. मग पुढचं आठवलं. खालच्या चर्चमधलं लग्न, वडील न आलेले, गोठ्यात जाऊन बसलेले. वरच्या गावाहून खालच्या गावात येणं म्हणजे दोन किलोमीटरसुद्धा नाही, पण बेकरीतल्या बाईने तिला हसून नमस्कार करायला फोल्कर जन्मावा लागला. दर रविवारी कोनराड तिला वरच्या चर्चच्या दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर भिंतीवर बसून राहायचा, पावसातसुद्धा. प्रोटेस्टंट माणूस, आत यायला लाजतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. आता तिला वाटलं, तो तिथे बसून काय ऐकत असेल? ती बारकी टिणटिणी वाजायची तेव्हा त्याला काय होत असेल? हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि विचारायला माणूस नव्हता.

"मूर्ख," ती घंटेकडे बघून म्हणाली. घंटेला नव्हे, हे सगळ्यांना कळलं. "लोक माझ्याबद्दल काय म्हणतील याची एवढी काळजी. मी काय म्हणेन, ते विचारायचं नाही? मी म्हटलं असतं, दे. म्हणू दे त्यांना घंटेच्या बदल्यात घेतली. बऱ्याच बायकांच्या बदल्यात घंटासुद्धा मिळत नाही."

ओटिली काठी टेकत मागोमाग आली होती. ती अवघडून गुडघ्यावर बसली, यूलेकडून ब्रश घेतला आणि अक्षरांतला चिखल काढायला लागली.

"तुझे गुडघे, ओटिली," हेडविग म्हणाली.

"राहू देत. ऐंशी वर्षं भाडं न देता राहिली इथे. निदान धुऊन तरी देऊ."

"ती देणारच आहोत ना आपण?" रेनाटेने विचारलं.

"ती माहेरी जाईल," हेडविग म्हणाली. "पण आज माझा वाढदिवस आहे. आधी मला तिचा आवाज ऐकू दे. फोल्कर, ते तुझं यंत्र उचलतं ना काही?"

*

महापौर एबर्ट बाई तीनला आल्या तेव्हा कॉफी ओतलेली नव्हती, केक कापलेला नव्हता आणि घरात कोणी नव्हतं. टोपलीत सफरचंदाची दारू, सॉसेज आणि शहराचं चिन्ह असलेला मग होता. एबर्ट बाई मूळच्या कासलच्या, मधल्या नव्या घरांतल्या. वरच्यांना खालचा नको आणि खालच्यांना वरचा नको, म्हणून दोघांनी निवडून दिलेल्या. मागून आवाज आले म्हणून फोटोवाल्याला घेऊन त्या बागेत गेल्या.

खोदयंत्राच्या दांड्याला पट्ट्यांनी बांधलेली घंटा चराच्या वर अधांतरी लोंबत होती. भोवती घरातली माणसं चिखलाने माखून उभी. वाढदिवसाची म्हातारी नव्या ब्लाऊजवर मुलाचं जाकीट घालून पुढे.

"ही कोणाची?" एबर्ट बाईंनी विचारलं.

"वरच्यांची," फोल्कर म्हणाला.

"पण सांभाळली खालच्यांनी," रेनाटे म्हणाली, आणि भावाने तिच्याकडे बघितलं.

"मग शहराची म्हणू या का?" एबर्ट बाई सावधपणे म्हणाल्या. "नव्या चौकात, सर्कलच्या मधे एक सुंदर चौथरा..."

"बाई," ओटिली म्हणाली, "तुम्ही केक खा."

लोलक नव्हता. तो तेव्हाच काढून घेतला होता. फोल्करने लाकडी हातोडा आणला. यूलेने पुढे होऊन तो घेतला, आजीकडे पाहिलं आणि हळूच मारला. नुसती धाप असा आवाज आला.

"आतली माती निघाली नाही सगळी," ओटिली म्हणाली. "जोरात मार. पाव मळतेयस का?"

यूलेने दोन्ही हातांनी मारला. ओल्या मातीचा एक लगदा आतून निसटून चरात पडला, आणि आवाज सुटला. खोल, किंचित खरखरीत, संपतोय असं वाटत असतानाच पुन्हा उमलणारा. शेजारचं गवत कापायचं यंत्र बंद पडलं. पलीकडच्या घराची खिडकी उघडली, मग त्याच्या पलीकडची. फोटोवाला फोटो काढायचा विसरला.

हेडविग मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली.

"अशीच होती?" फोल्करने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला आठवत होती ती जास्त गोड होती." थोडं थांबून ती म्हणाली, "पण मी आठ वर्षांची होते. तेव्हा सगळंच."

रेनाटेच्या खिशातला फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. वरच्या गावातले किलियान म्हातारे होते, नव्वदी ओलांडलेले, वारा खालून वर असला की दिवसभर खिडकीशी बसणारे.

"रेनाटे, खाली काय वाजलं?"

"तुम्हाला काय वाटतं, किलियानकाका?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला काय वाटतं ते सांगितलं तर तुम्ही मला दवाखान्यात पाठवाल," ते शेवटी म्हणाले. "परत एकदा वाजवा म्हणावं. मी खिडकी उघडतो."

यूलेने हातोडा उचलला. हेडविगने तो तिच्या हातातून काढून घेतला, जाकिटाच्या बाह्या वर सारल्या आणि किलियानच्या खिडकीची कडी निघाल्याचा आवाज फोनमधून येईपर्यंत थांबली.